आस्कंदाचे साठ दिवस

दिवाळीचा फराळ संपला की सोलापुरात ताणावर आस्कंद सुरू करायला हवा बरी होते. त्याआधी नाही. अश्वगंधा, म्हणजे आपला आस्कंद, आणि इथल्या तेलुगू घरांत पेन्नेरु गड्डा. ही मुळी उष्ण. मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा रोज पाच ग्रॅम चूर्ण पोटात गेलं, तर छातीत जळजळ आणि तोंड येणं ठरलेलं. मग लोक म्हणतात, ‘आपल्याला काय ते सोसत नाही.’ खरं तर सोसत नाही तो मे महिना. म्हणून क्रम असा लावायचा: दिवाळी झाल्यावर आठवड्याभरात सुरुवात आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येईस्तोवर साठ दिवस पुरे.

ताण कशाचा होता ते सांगत बसत नाही. हप्ते, आजारपणं, पाळ्या, सगळ्यांचं थोड्याफार फरकानं तेच असतं. लक्षणं मात्र नीट लिहून काढावीत, कारण साठ दिवसांनी मोजायचं तेच आहे. रात्री दोन-तीनला जाग येऊन डोकं चालू होणं, सकाळी उठताना अंग जड, दुपारी चौथा चहा, क्षुल्लक गोष्टीवरून खेकसणं. वहीत रोज चार आकडे लिहायचे: किती वाजता झोपलो, किती वेळा जाग आली, दिवसभरात चहा किती, आणि ताणाला दहापैकी किती गुण. पहिला आठवडा औषध न घेता नुसतं लिहायचं. हा आठवडा बहुतेक जण गाळतात आणि शेवटी ‘फरक पडला असं वाटतं’ यापलीकडे त्यांच्या हातात काही राहत नाही.

आता कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात. हुकूम येतो मेंदूकडून: हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी या ग्रंथींना. रक्तात पुरेसं कॉर्टिसॉल दिसलं की मेंदू हात आखडता घेतो. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सगळ्यांत वर असतं, मग दिवसभर उतरत जाऊन मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. सकाळचा हा उसळा नसेल तर माणूस अंथरुणातून उठणारच नाही. म्हणून ‘कॉर्टिसॉल कमी करा’ ही जाहिरात अर्धवट आहे. दीर्घ ताणात बिघडते ती चढउताराची चाल, आणि औषधाकडून अपेक्षा ती चाल थोडी ताळ्यावर यावी एवढीच.

तपासणी करायची असेल तर सकाळी आठच्या सुमाराचं रक्त द्यायचं. बहुतेक लॅबच्या कागदावर सकाळची मर्यादा ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास छापलेली असते. प्रत्येक लॅबचे आकडे थोडे वेगळे, म्हणून आधीची आणि नंतरची तपासणी एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी. रक्त द्यायला धावतपळत जायचं नाही, पंधरा मिनिटं बसून मग हात पुढे करायचा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या काही दिवस आधी बंद ठेवायला लागतात, नाहीतर यंत्र चुकीचा आकडा देऊ शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी एकूण कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं. दम्याचा स्टेरॉइडचा पंप, खाजेचं स्टेरॉइड मलम किंवा गावातल्या डॉक्टरनं दिलेली सांधेदुखीची ‘ती पांढरी गोळी’ यांनी ते खाली दिसू शकतं. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला तर सकाळी आठचा आकडा काहीच सांगत नाही; त्याची सकाळ वेगळ्या वेळी होते. त्यानं पैसे वाचवावेत आणि वहीवर भर द्यावा.

कॉर्टिसॉलपेक्षा मी दुसऱ्या दोन तपासण्यांचा आग्रह धरतो: यकृताची एसजीपीटी आणि थायरॉइडची टीएसएच. आस्कंदामुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, साधारण दोन ते बारा आठवड्यांत, खाज आणि काविळीसकट. ती विरळ आहेत, पण यकृत आधीच दुखावलेलं असेल तर या वाटेला जाऊच नये. थायरॉइडचं म्हणाल, तर ही मुळी थायरॉइडचं प्रमाण वाढवू शकते. ज्यांची ग्रंथी जास्त काम करते त्यांनी घ्यायची नाही, आणि थायरॉक्सिनची गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदरपणात नाही. झोपेची किंवा फिटची गोळी, साखरेची, रक्तदाबाची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तरी आधी विचारायचं, कारण कुठे परिणाम दुप्पट होतो, कुठे उलटा. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य दुकानात आणि घरात सारख्याच आत्मविश्वासानं म्हटलं जातं. जे काही करतं ते बिघडवूही शकतं.

आणि जगणं नकोसं वाटत असेल, तर ते काम मुळीचं नाही. टेली-मानस ही हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

खरेदी मंगळवार पेठेत किंवा मधल्या मारुतीच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानात करायची. चूर्ण घ्यायचं नाही, अख्खं मूळ घ्यायचं. माल बहुतेक मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडून येतो. दुकानदार ‘नागोरी’ म्हणून वर भाव सांगतो, त्याला फार अर्थ नाही. पेन्सिलीपासून करंगळीएवढ्या जाडीचं, सरळ, वरून मातकट पिवळसर मूळ निवडायचं आणि तिथेच मोडून बघायचं. चांगलं मूळ खडूसारखं पटकन तुटतं आणि आतून दुधाळ पांढरं, पिठूळ निघतं. वाकून चिवटपणे धागे सोडत तुटलं तर ते जून लाकूड, किंवा मुळाच्या डोक्याशी राहिलेला खोडाचा तुकडा, आतून पोकळ. तुकडा जिभेवर ठेवला की आधी पिठूळ, मग कडवट, शेवटी घशाशी किंचित तिखट. नाकाशी धरलं तर घोड्याच्या पागेचा वास, नाव त्यावरूनच पडलं. वास अजिबात येत नसेल तर माल जुना.

मुळात पीठ भरपूर, त्यामुळे पोरकिडा लागतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि पिशवीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली की ती पिशवी परत. पावशेर मूळ साठ दिवसांच्या अर्ध्या मात्रेला पुरतं, पूर्ण मात्रेला साडेतीनशे ग्रॅम धरा. निवडण्यात आणि गाळण्यात थोडं जातं.

तयार चूर्णावर माझा राग पानांमुळे आहे. पान आणि खोड स्वस्त, दळलं की कळत नाही. रंग बदामीऐवजी हिरवटाकडे झुकलेला दिसला तर संशय घ्यावा. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानं उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं, तरी कॅप्सूलच्या बाटलीवर ‘मूळ व पान’ असं बारीक अक्षरात सापडतं. कॅप्सूलच घ्यायची असेल तर लेबलवर तीन गोष्टी वाचायच्या: फक्त मूळ आहे का, अर्क किती मिलिग्रॅम, आणि त्यात विथॅनोलाइड्स, म्हणजे मुळातली काम करणारी द्रव्यं, किती टक्के. ३०० मिलिग्रॅमचा ५ टक्क्यांचा अर्क म्हणजे १५ मिलिग्रॅम विथॅनोलाइड्स. टक्केवारीच लिहिली नसेल तर ती बाटली ठेवून द्या. ज्या भारतीय चाचणीचा दाखला सगळे देतात ती २०१२ सालची. ६४ माणसं, दोन गट, ३०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क दिवसातून दोनदा, साठ दिवस. अर्कवाल्यांचं कॉर्टिसॉल सरासरी २८ टक्क्यांच्या आसपास उतरलं, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांचं ८ टक्क्यांच्या आसपास. माणसं थोडी, आणि तो अर्क होता, घरचं चूर्ण नव्हे. ते आकडे दुधातल्या आस्कंदाला चिकटवायचे नाहीत. आणि एकाच वेळी चूर्ण नि कॅप्सूल दोन्ही तर मुळीच नाही.

घरी आणल्यावर मुळं ओल्या फडक्यानं पुसायची. भिजत घालायची नाहीत, पीठ फुगतं आणि बुरशी धरते. गच्चीवर सुती कापडावर दोन दिवस कडक ऊन. सोलापूरची कोरडी हवा इथे कामाला येते, कोकणात हेच आठवडाभर चालतं. खडखडीत वाजायला लागली की खलबत्त्यात ठेचून मग मिक्सर, तोही दहा-दहा सेकंद थांबून थांबून. सलग फिरवला तर भांडं तापतं, चूर्ण ओलसर होऊन कडेला लिंपतं. डंकावर नेऊ नका. डंकात आधीच्या गिऱ्हाइकाची संकेश्वरी किंवा ब्याडगी कुटलेली असते, कितीही झटकला तरी तिखट राहतंच, आणि मग औषधानं आग होते की मिरचीनं, हे कोणालाच सांगता येत नाही.

कुटलेल्याचे दोन भाग करायचे. दुधात उकळायला भरड, रव्याएवढी. मधातून किंवा तुपातून चाटायला वस्त्रगाळ. वस्त्रगाळ चूर्ण दुधात उकळलं की खळीसारखं दाटतं, तळाला धरतं आणि गाळणीत अडकून बसतं. सुरुवातीला सगळ्यांची चूक हीच. दोन्ही काचेच्या कोरड्या बरण्यांत, शेगडीपासून लांब. चूर्ण दोन महिन्यांत कमजोर पडतं असं जुने ग्रंथ सांगतात, म्हणून एका वेळी महिन्यापुरतंच कुटायचं आणि बाकी मूळ तसंच ठेवायचं.

क्षीरपाकाचं, म्हणजे दुधात आटवलेल्या औषधाचं, शास्त्रीय प्रमाण एक भाग औषध, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मिली दूध, १६० मिली पाणी, आणि आटवून उरवायचं दुधाएवढंच. चहाचा सपाट चमचा साधारण अडीच-तीन ग्रॅम भरतो, पण भरड आणि वस्त्रगाळ यांचं वजन वेगळं येतं. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी छोटा डिजिटल काटा घ्या. जाड बुडाचं पातेलं घ्यायचं. पातेल्यात आधी ४० मिली पाणी ओतायचं आणि त्याची पातळी भांड्याच्या आतल्या बाजूला काडीनं किंवा बोटानं लक्षात ठेवायची, आटवायचं तिथपर्यंत; मग उरलेलं १२० मिली पाणी, मग भरड, मग दूध. आच मंद. पहिली पाच मिनिटं वर करडा फेस येतो आणि ओल्या मातीसारखा वास सुटतो. फेस पळीनं खाली ढकलत राहायचं, काढून टाकायचा नाही. वीस मिनिटांनी रंग पांढऱ्याचा फिकट बदामी होतो आणि उकळीचा आवाज बदलतो, पाण्याचा खळखळाट जाऊन दुधाची गुबगुब सुरू होते. तिथून पुढे पातेल्यापासून हलायचं नाही, कारण लागतं ते याच शेवटच्या तीन-चार मिनिटांत. आटलेलं दूध चमच्याच्या पाठीला पातळ चिकटलं की उतरवायचं, सुती कापडातून पिळून गाळायचं. खडीसाखर गाळल्यावर. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत उरकलं तर पाणी उडून जातं, पण भरड नीट शिजलेली नसते. कापडात दाबून बघा, मधोमध कोरडी लागते.

४० मिली म्हणजे जेमतेम चार घोट. कप भरून हवं म्हणून लोक नंतर वरून थंड दूध ओततात, हरकत नाही. दूध पचत नसेल त्यांनी वस्त्रगाळ चूर्ण अर्धा चमचा तुपात कालवून वर कोमट पाणी.

मात्रा एकदम पाचवर न्यायची नाही. पहिले पाच दिवस २ ग्रॅम, मग ३, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ५. वेळ रात्रीची, जेवणानंतर दीड तासानं. इथे आपल्या ताटाचा विचार करावा लागतो. बाजरीची कडक भाकरी, शेंगा चटणी, वर ठेचा, आणि लगेच औषधी दूध. या जोडीनं रात्री बाराला आंबट ढेकर येतात आणि दोष आस्कंदावर जातो. त्या दोन महिन्यांत रात्रीचं तिखट निम्म्यावर आणा आणि जेवण आठच्या आत. शेवटचा चहा दुपारी तीनला. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात आणि ते स्वतः कॉर्टिसॉल चढवतं. नऊ वाजता कटिंग मारून साडेनऊला अश्वगंधा घेणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता ज्येष्ठमधाचं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ही चूक चांगल्या घरांत होते. थंडीचे दिवस, घसा धरलेला, म्हणून तुळस-आलं-ज्येष्ठमधाचा काढा चालू असतो, त्यातच ताणासाठी आस्कंद सुरू होतो. बाजारातल्या ‘ताणमुक्ती चहा’च्या पाकिटातही गोडव्यासाठी ज्येष्ठमध असतो. मूत्रपिंडात एक विकर असतं, ते कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन त्या विकरालाच अडवतं. मग तेवढंच कॉर्टिसॉल मूत्रपिंडावर जास्त वेळ काम करत राहतं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो, पाय सुजतात. म्हणजे एका हातानं उतरवायचं आणि दुसऱ्या हातानं टिकवायचं. घसा बसल्यावर दोन दिवस काडी चघळली तर काही बिघडत नाही. रोज चमचाभर दोन महिने, आणि तेही रक्तदाबाच्या गोळीवर, हे धोक्याचं. आस्कंद चालू असताना काढा हवाच असेल तर तुळशीची आठ-दहा पानं, किसलेलं आलं, दीड कप पाण्याचा एक कप. संपलं.

एका वेळी एकच औषध, हा नियम मोडायचा मोह ब्राह्मीपाशी होतो. ब्राह्मी चांगली आहे, पण तिचा परिणाम दिसायलाच आठ ते बारा आठवडे लागतात आणि रिकाम्या पोटी ती मळमळ, जुलाब करते. शिवाय कुंडीत ‘ब्राह्मी’ म्हणून जे लावलेलं असतं ते बहुतेक वेळा मंडूकपर्णी: लांब देठावर गोल, कडेला दातेरी पान. खरी नीरब्राह्मी म्हणजे बिनदेठाची, जाडसर, चमच्याच्या आकाराची बारीक पानं आणि पांढरट-जांभळी फुलं. दोन्ही औषधी, पण वेगळ्या. शंखपुष्पीत तर तीन-चार वनस्पतींचा घोळ आहे, गोकर्णसुद्धा त्या नावानं विकली जाते. जटामांसी हिमालयातून येते, उपसून उपसून दुर्मिळ झाली आहे, १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. स्वस्तात मिळाली तर ती जटामांसी नाही. सर्पगंधा ‘झोपेला छान’ म्हणून कोणी पुडी दिली तर नको म्हणा. तिच्यात रेसर्पिन असतं, रक्तदाब पाडतं आणि उदासी आणतं, वैद्यांच्या नजरेखालीच. जायफळ चिमूटभर उगाळून दुधात, तेवढंच. पाच-सात ग्रॅम गेलं तर भ्रम, धडधड, दवाखाना.

पहिल्या आठवड्यात पोट जड आणि जुलाब-बद्धकोष्ठाची थोडी ओढाताण. मात्रा अर्धी करून दोन-तीन दिवस थांबलं की बसतं. सकाळी डोकं जड राहिलं तर वेळ साडेआठवर आणायची. झोप लागायला लागणारा वेळ तिसऱ्या आठवड्याच्या आसपास कमी होतो, जाग यायची कमी होते चौथ्या-पाचव्यात. ताणाचे गुण सगळ्यांत शेवटी हलतात, आणि तेही सातावरून पाचावर, शून्यावर नाही. चौथ्या आठवड्यात लोकांना बरं वाटतं आणि ते सोडतात, किंवा मात्रा दहा ग्रॅम करतात. दोन्ही नको. काहींना उलट सगळंच सपाट वाटायला लागतं, राग नाही तसा आनंदही नाही. असं झालं तर बंद, आठवड्याभरात पूर्ववत होतं. अंगाला खाज, लघवी गडद पिवळी, भूक मेली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद आणि दुसऱ्या दिवशी एसजीपीटी. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवायचं आणि भूलतज्ज्ञांना सांगायचं.

साठाव्या दिवसानंतर त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी रक्त. १८ चं १५ झालं म्हणून पेढे वाटू नका. एकाच माणसाचं कॉर्टिसॉल दोन लागोपाठच्या सकाळींना एवढं इकडेतिकडे होतंच, आदली रात्र कशी गेली त्यावर. मी आधी वही उघडतो: रात्री किती वेळा जाग आली याची पहिल्या कोऱ्या आठवड्याची सरासरी आणि शेवटच्या आठवड्याची. रोज तीनदा होणारी जाग एकदावर आली असेल आणि लॅबचा आकडा जागचा हलला नसेल, तर औषध लागू पडलं असं मी धरतो. उलटं असेल, म्हणजे आकडा उतरला पण जाग तीच, तर लागू पडलं नाही. एसजीपीटी आणि टीएसएच मात्र बघायचेच, तिथे वही उपयोगाची नाही.

त्यानंतर किमान महिना-दीड महिना काहीही नाही. वही तेवढी चालू ठेवायची. औषध सुटल्यावर दोन आठवड्यांत सगळं जुन्या जागी आलं, तर रात्रीचं जेवण, चहा आणि मोबाइल यांच्याकडे आधी बघावं लागतं. उरलेली मुळं बरणीत दोन लवंगा किंवा कडुलिंबाची वाळलेली पानं घालून ठेवता येतात, पण मृगाचा पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की झाकण उघडून बरणी हलवून बघायची. तळाशी पांढरी भुकटी जमली असेल तर सगळी बरणी झाडाच्या बुंध्यात रिकामी करायची आणि पुढच्या दिवाळीला नवीन मूळ आणायचं.